‘देवाचा शब्द’ म्हणजे काय? – ख्रिस्ती शेजाऱ्यांची श्रद्धा समजून घेताना
(वडूज येथील विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी बुद्धविहारात ख्रिस्ती धर्मावर भाषण कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. कार्यक्रमपत्रिका पाहून दोघा-तिघांनी तसं विचारलंही. म्हणून हा विषय आम्ही का घेतला ते आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या आळीतल्या एक वयस्कर आजी गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. आळीत भाड्यानं राहणाऱ्या, दवाखान्यात नर्सचं काम करणाऱ्या एक ख्रिस्ती बाई आहेत. पोरं त्यांना मावशी म्हणतात. आजींच्या शेवटच्या आजारपणात त्यांनीच रोज येऊन सलाईन लावलं, जखमा धुतल्या. त्या आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि पिशवीतून मराठी बायबल काढून हळूच म्हणाल्या, “देवाचं वचन वाचू का थोडं?” आमच्यातला एक तरुण फटकन बोलला, “आमच्यात देवच नाही, मग वचन कुणाचं?” मावशींनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा पिशवीत ठेवलं. पुढं दोन दिवस त्या त्याच घरात चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या. कुणाला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

त्या तरुणाचं म्हणणं सिद्धांत म्हणून चुकीचं नव्हतं. पण त्या वेळी गप्प बसलेले आम्ही वडीलधारे चुकलो. ती बाई आपल्याजवळची सगळ्यात मोलाची वस्तू आपल्यापुढं धरत होती आणि ती वस्तू काय आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. न समजता नाकारणं ही काही चिकित्सा नव्हे. चिकित्सा करायची तर आधी समजून घ्यावं लागतं. म्हणून आम्ही चार-सहा महिने वाचलं, विचारलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढं मांडतो.

एका शब्दाची ताकद

शब्दाची ताकद आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याच खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळात तलाव खोदायचं काम सरकारनं काढलं होतं आणि परमपूज्य बाबासाहेबांचे वडील तिथं कॅशियर होते. १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाला. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं चौकशी करत होता. पण ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला पोरानं खरं उत्तर दिलं आणि मास्तरचा चेहरा बदलला. पुढं त्या पोरांना रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी ही हकिगत स्वतः लिहून ठेवली आहे. एक शब्द ऐकून माणूस माणसाला पारखा होतो, हे त्या बालमनानं तेव्हाच अनुभवलं.

आणि देवाच्या शब्दाचं म्हणाल, तर तो शब्द कानावर पडू नये म्हणून आपल्या बापजाद्यांच्या कानांसाठी शिक्षा लिहून ठेवल्या होत्या. वेद अपौरुषेय, म्हणजे माणसानं न केलेले. ते ऐकण्याचा अधिकार शूद्राला नाही, बाईला नाही. म्हणून १९३६ सालच्या ‘जातिभेद निर्मूलना’च्या निबंधात बाबासाहेबांनी बजावलं की शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास उखडल्याशिवाय जात जाणार नाही. तेव्हा ‘देवाचं वचन’ म्हटलं की आपला माणूस सावध होतो, त्याला असं कारण आहे. पण ख्रिस्ती माणूस हेच शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, ते वेगळं आहे.

‘शब्द’ म्हणजे दिलेला शब्द

आपल्या मराठीत ‘शब्द’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, तोंडातून निघालेला उच्चार. दुसरा, दिलेलं वचन. ‘त्यानं शब्द दिला’, ‘शब्द पाळला’, ‘शब्द फिरवला’, ‘अमका शब्दाचा पक्का आहे’, असं आपण रोज बोलतो. बाजारात जनावराचा सौदा होतो, सोयरीक ठरते, ती कागदावर नाही, शब्दावर. ख्रिस्ती श्रद्धेतला ‘देवाचा शब्द’ समजायला ही मराठी जाण फार उपयोगी पडते.

बायबलचा पहिला भाग, जुना करार, मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. तिथं शब्दासाठी ‘दाबार’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ शब्द असा होतो, तसाच गोष्ट आणि घटना असाही होतो. देव बोलला आणि तसं घडलं, अशी ती कल्पना आहे. बायबलच्या पहिल्याच पानावर देव हातात अवजार घेऊन जग घडवत नाही. तो आज्ञा करतो आणि उजेड होतो. बोलणं आणि करणं यांत तिथं फट नाही. माणसाच्या बोलण्यात आणि करण्यात फट असते आणि सगळं दुःख तिथंच सुरू होतं.

हाच शब्द पुढं संदेष्ट्यांच्या तोंडून येतो, असं ते मानतात. हे संदेष्टे कोण? सगळे काही पुरोहित नव्हते. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला आमोस हा मेंढरं राखणारा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची निगा करणारा माणूस होता. त्यानं राजाच्या देवस्थानात उभं राहून ठणकावलं की तुम्ही खोटे तराजू वापरता, जोड्यापायी गरिबाला विकता, तुमचे सण आणि अर्पणं देवाला नकोत, न्याय पाहिजे. तिथल्या पुरोहितानं त्याला हाकलून द्यायचा प्रयत्न केला. मेंढपाळाच्या तोंडी देवाचा शब्द आणि पुरोहित त्याच्या विरोधात, ही गोष्ट आपल्या माणसानं जरूर लक्षात ठेवावी.

शब्द माणूस झाला

आता मुख्य मुद्दा. आपल्याला वाटतं, ख्रिस्ती लोकांचा देवाचा शब्द म्हणजे बायबल हे पुस्तक. हे अर्धं खरं आहे. मुसलमान बांधवांच्या श्रद्धेप्रमाणे अल्लाहचा शब्द कुराणाच्या रूपानं उतरला. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवाचा शब्द आधी माणसाच्या रूपानं आला आणि तो माणूस म्हणजे येशू. पुस्तक हे त्या माणसाची साक्ष देणारं आहे.

नव्या करारात योहानाचं शुभवर्तमान म्हणून एक पुस्तक आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस ते ग्रीक भाषेत लिहिलं गेलं, असं अभ्यासक मानतात. त्याच्या सुरुवातीलाच सांगितलं आहे की आरंभापासून शब्द होता, तो देवापाशी होता, तो देवच होता आणि तो देह धारण करून माणसांत राहिला. ग्रीक भाषेत त्यासाठी ‘लोगोस’ हा शब्द आहे. लोगोस म्हणजे नुसता शब्द नव्हे, विचार, विवेक, विश्वाच्या मुळाशी असलेला अर्थ असंही त्यात येतं. मराठी बायबलात तिथं ‘शब्द’ असंच भाषांतर रूढ आहे. नाताळ म्हणजे नुसता चांदण्या आणि केक यांचा सण नव्हे. देवानं दिलेला शब्द माणूस होऊन सुताराच्या घरात वाढला, गुराढोरांच्या गव्हाणीत निजला, ही त्या सणामागची श्रद्धा आहे.

गंमत बघा, ज्याला ते देवाचा शब्द म्हणतात त्या येशूनं स्वतः एकही पुस्तक लिहिलं नाही. तो अरामी बोली बोलायचा. आधी लोकांनी त्याचं बोलणं तोंडी जपलं, मग ते ग्रीकमध्ये लिहिलं गेलं. आपल्या तथागतांचं वचनही कित्येक शतकं भाणकांनी मुखोद्गत ठेवलं आणि मग श्रीलंकेत ते लिहून काढलं गेलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

तर ख्रिस्ती श्रद्धेत देवाच्या शब्दाचे तीन पदर आहेत. पहिला, स्वतः येशू. दुसरा, बायबल. प्रॉटेस्टंट पंथात त्यात ६६ पुस्तकं आहेत आणि कॅथलिक पंथात ७३. ती वेगवेगळ्या काळातल्या अनेक माणसांनी लिहिली, पण देवाच्या प्रेरणेनं लिहिली, असं ते मानतात. काही ख्रिस्ती लोक त्यातलं अक्षर न् अक्षर जसंच्या तसं खरं धरतात. काही जण काळ, समाज, लिहिणारा यांचा विचार करून अर्थ लावतात. त्यांच्यातही हा वाद आहे. तिसरा पदर म्हणजे उपदेश. आज कुणी ते वचन वाचून समजावतो आणि ऐकणाऱ्याचं मन हलतं, तेव्हा देव पुन्हा बोलतो, अशी त्यांची धारणा आहे. म्हणजे मावशी त्या दिवशी ‘वचन वाचू का’ म्हणाल्या, तेव्हा त्या धर्मप्रचार करत नव्हत्या. मेलेल्या माणसाच्या घरी कुणीतरी बोलावं, धीर द्यावा आणि ते बोलणं आपल्यापेक्षा मोठ्याचं असावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मराठीत आलेला शब्द

हा शब्द आपल्या मुलखात कसा आला, ती हकिगतही ऐकण्यासारखी आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. तो आपली भाषा शिकला आणि त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. परक्या देशातला माणूस मराठीचं तोंडभर कौतुक करतो, हा आपल्या भाषेचा मान आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच गोव्यात पोर्तुगीज सत्तेनं लोकांची जुनी पुस्तकं बंद पाडली होती आणि १५६० पासून इन्क्विझिशनचा जाच होता. शब्द देणारे हात आणि शब्द हिसकावणारे हात एकाच राज्यात होते.

पुढं बंगालात श्रीरामपूरला विल्यम कॅरी आणि त्यांचे मराठी पंडित वैजनाथशास्त्री यांच्या खटपटीतून १८११ साली मराठी नवा करार निघाला. मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली स्वतःचं भाषांतर छापलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून साताऱ्यातही त्यांचं काम सुरू झालं.

पण ज्यांच्यापुढं आम्ही मान झुकवतो त्या म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ सालचा जन्म, संस्कृतवर एवढं प्रभुत्व की कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांचा सन्मान केला. त्यांनी लिहून ठेवलं आहे की शास्त्रांचं एकमेकांशी कशावरही पटत नाही, पण बाई आणि शूद्र यांना हीन ठरवण्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथंही त्या कुणाच्या ओंजळीनं पाणी प्यायल्या नाहीत. ज्या भगिनींच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशी त्यांनी वाद घातला. चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही, मी स्वतः वचन वाचीन आणि माझी सदसद्विवेकबुद्धी सांगेल ते मानीन, अशी त्यांची भूमिका होती. देवाचा शब्द मोठा, पण तो वाचण्याचा आणि समजण्याचा अधिकार माझा, हे एका मराठी बाईनं बिशपांच्या देशात सांगितलं.

त्या एवढ्यावर थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. कशासाठी? दुष्काळातून उचलून आणलेल्या, कधी पाटी न धरलेल्या पोरींना कळावं अशी सोपी मराठी पाहिजे होती म्हणून. छापखान्यातले खिळे जुळवणारे हातही बायकांचेच होते. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झालं.

इथं तथागतांची आठवण होते. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी विनंती केली होती की बुद्धवचन छंदस् भाषेत बांधून ठेवू या. तथागतांनी त्यांना नकार दिला आणि प्रत्येकानं आपापल्या भाषेत ते शिकावं असं सांगितलं. वचन लोकांच्या बोलीत आलं पाहिजे, हे ज्यानं ओळखलं त्यानं माणसाला ओळखलं. रोमचं चर्च मात्र इथं फार उशिरा जागं झालं. जगभरच्या बहुतेक कॅथलिक मंडळींची मिस्सा १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच व्हायची. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत होऊ लागली. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी पुढं ‘सुबोध बायबल’ लिहिलं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ साली ते गेले.

आणि आपल्या साताऱ्याचे नारायण वामन टिळक! १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका परक्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातलं डोंगरावरचं प्रवचन वाचून ते हलले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यात येऊन राहिले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या. देवानं जाती केल्या असत्या तर जनावरांसारखी माणसांतही खूण दिसली असती, मग ती का दिसत नाही, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी जातीचा विटाळ टाकून दिला. ‘स्मृतिचित्रे’त हे मुळातूनच वाचावं.

शब्द कुठं मोडला

आता कडू गोष्ट. नगर जिल्ह्यात आणि इतरत्र आपलेच भाऊबंद मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाले. तिथं शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, माणूस म्हणून हाक मिळाली. हे उपकार नाकारू नयेत. पण देवापुढं सगळे सारखे, हा शब्द सगळीकडं पाळला गेला नाही. कितीतरी ठिकाणी जात चर्चच्या दारातून आत शिरली. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर सविस्तर लिहिताना हेच दाखवलं. अमेरिकेत गुलामांचे मालकही बायबल वाचत होते आणि गुलामगिरीविरुद्ध उठलेलेही तेच बायबल वाचत होते. म्हणजे शब्द कितीही मोठा असो, तो कुणाच्या हातात आहे हे बघावंच लागतं.

सरकार दरबारीही हा भेद झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख बांधवांना आणि १९९० साली आपल्याला त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांना या दोन्ही दुरुस्त्यांत स्थान मिळालं नाही. चौतीस वर्षं वाट पाहिलेल्या आपल्यासारख्यांना त्यांचं दुःख कळायला अवघड जाऊ नये.

आपला आणि त्यांचा फरकही स्पष्ट ठेवला पाहिजे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी लिहिलं की येशूनं स्वतःला देवाचा पुत्र म्हटलं, बुद्धानं मात्र आपण माणसाचा मुलगा यापलीकडं काही दावा केला नाही आणि आपलं वचनही तपासून घ्या असं सांगितलं. ख्रिस्ती माणूस शब्दावर विसंबतो, आपण शब्द पारखतो. हा फरक लहान नाही आणि गोड बोलून तो झाकायचं कारण नाही. तरीसुद्धा १९३८ च्या जानेवारीत सोलापूरच्या ख्रिस्ती बांधवांपुढं बाबासाहेबच म्हणाले होते की बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्यावर प्रभाव पडला आहे.

पेरणीची गोष्ट

दोघांनीही शेतकऱ्याचा दाखला दिला आहे. येशू म्हणतो, एक माणूस पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. काही खडकावर पडलं, उगवलं आणि करपलं. काही काट्यांत पडलं आणि घुसमटलं. काही चांगल्या रानात पडलं आणि त्याला कितीतरी पटीनं दाणे आले. बी म्हणजे देवाचा शब्द, असा अर्थ त्यानं स्वतःच सांगितला. आपल्या खटाव-माणच्या मुरमाड माळावरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तथागतांना नालंदेत असिबंधकपुत्त नावाच्या गावप्रमुखानं विचारलं, तुमची करुणा सगळ्यांवर सारखी, मग सगळ्यांना सारखाच उपदेश का करत नाही? तथागतांनी तीन रानांचा दाखला दिला. उत्तम, मध्यम आणि हलकं. शेतकरी आधी उत्तम रान पेरतो, पण हलकं रानही तो वैरणीला का होईना पेरतोच. एखाद्याला माझं एक वाक्य कळलं तरी त्याचं दीर्घकाळ हित होईल, असं तथागतांनी सांगितलं.

आमच्या मते गोष्टीचं मर्म इथं आहे. बी कुणाचं यावर दोन्ही घरं भांडू शकतात. पण रान आपलं आहे. खडक फोडायचा, हराळी काढायची, वाफसा बघायचा, हे काम आपलं.

शेवटी आपल्याच मातीतल्या थोर पुरुषाचं स्मरण करतो. महात्मा जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव कटगुण, याच खटाव तालुक्यातलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ निघालं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. बायको बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झाली, नवरा बायबल वाचून ख्रिस्ती झाला, मुलगी कुराण वाचून मुसलमान झाली, मुलगा सत्यधर्मी झाला. तरी त्या सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका कुटुंबासारखं गोडीगुलाबीनं राहावं, असं जोतीरावांनी सांगितलं. एक घर राहू शकतं, तर आपली आळी का नाही?

मावशींना आम्ही आजच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. ड्युटी असल्यामुळं त्या येऊ शकल्या नाहीत. पण तो तरुण आज स्वयंसेवकाचा बिल्ला लावून इथं उभा आहे. त्यानं आम्हाला शब्द दिला आहे की आजींच्या पहिल्या स्मृतिदिनी त्रिशरण-पंचशील झाल्यावर तो स्वतः मावशींच्या दारात जाईल आणि म्हणेल, “मावशी, त्या दिवशी वाचायचं राहिलं होतं ते आज वाचा. आम्ही ऐकतो.” ऐकल्यानं आपला धम्म कमी होणार नाही. पटेल ते घेऊ, नाही पटणार ते तिथंच ठेवू. पण दिलेला शब्द मात्र पाळू.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. सर्वांना जयभीम!